शलाकेचा अवशेष : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील उपकरणदोषांचा इतिहास

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सामान्यतः शस्त्रवैद्यांच्या कर्तृत्वाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. सुश्रुत, दाव्हिएल, ग्रेफे, रिडली, केलमन अशी नावांची मालिका मांडली की विषय पुरा झाला असे मानण्याचा प्रघात आहे. या शस्त्रवैद्यांच्या हाती जी उपकरणे होती, त्यांनी रोग्याच्या डोळ्यात मागे काय ठेवले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः शस्त्र डोळ्यात शिरते तेव्हा ते एकटे शिरत नाही. त्याच्या धारेवरचा गंज, पृष्ठभागावरून सुटलेला धातूचा कण, त्याला गुंडाळलेल्या सुताचा तंतू, ते धुण्यास वापरलेल्या द्रव्याचा अंश, यांपैकी काही ना काही त्याच्यासवे आत जाण्याचा संभव असतो. या सर्वांस प्रस्तुत लेखात ‘अवशेष’ अशी एकच संज्ञा योजिली आहे.

शरीराच्या इतर भागांत असा कण राहिला तर पुष्कळदा काही बिघडत नाही. डोळ्याची गोष्ट निराळी. बुबुळाच्या पुढील पोकळी मध्यभागी सुमारे तीन मिलिमीटर खोल असून तीत पाव मिलिलिटरच्या आसपास द्रव मावतो. तिच्या पुढच्या भिंतीस, म्हणजे स्वच्छमंडलास, आतून पेशींचा एकच थर असतो आणि मनुष्याच्या बाबतीत हा थर नष्ट झाल्यास पुन्हा भरून येत नाही. इतक्या लहान व नाजूक जागेत कणाचेही ओझे होते. म्हणूनच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत उपकरणाच्या गुणदोषांस जे महत्त्व आले, ते अन्य शस्त्रक्रियांत क्वचितच आढळते.

१

या महत्त्वाची जाणीव भारतीय वैद्यकाला फार प्राचीन काळी झाली होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रांचे आठ दोष सांगितले आहेत. वाकडे, बोथट, तुटके, खरखरीत धारेचे, फार जाड, फार लहान पात्याचे, फार लांब आणि फार आखूड, असे शस्त्र त्याज्य होय. खरखरीत धार केवळ करवतीस चालते, हा अपवादही तेथेच नोंदविलेला आहे. शस्त्राला पाणी कसे द्यावे, धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड कसा वापरावा, आणि धार टिकावी म्हणून शाल्मलीची फळी कशी योजावी, हेही ग्रंथकार सांगतो. यांपैकी ‘तुटके’ आणि ‘खरखरीत’ हे दोन दोष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत, कारण तुटक्या वा खडबडीत धारेपासूनच कण सुटतात.

उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशाची, म्हणजे आपण ज्यास मोतीबिंदू म्हणतो त्याची, शस्त्रक्रिया वर्णिलेली आहे. ऋतू अति उष्ण वा अति शीत नसावा, रोग्याने आपल्या नाकाकडे दृष्टी लावावी, वैद्याने डाव्या डोळ्यास उजव्या हाताने व उजव्या डोळ्यास डाव्या हाताने वेध करावा, असा तेथील क्रम आहे. वेध नीट झाल्यास पाण्याचा थेंब येतो व बारीक आवाज होतो. नंतर शलाकेने दोष बाजूस सारावयाचा आणि रोग्याला वस्तू दिसू लागल्या की शलाका हलकेच काढून घ्यावयाची. या शस्त्रक्रियेत मोतीबिंदू डोळ्याबाहेर काढला जात नसे, तो दृष्टीच्या वाटेतून खाली ढकलला जात असे. याच क्रियेस पाश्चात्य वैद्यकात ‘कौचिंग’ म्हणतात.

याच अध्यायात शलाकेच्या दोषांची आणि त्या प्रत्येकापासून उद्भवणाऱ्या उपद्रवांची स्वतंत्र यादी आहे. कर्कश शलाकेने वेदना होते, खरखरीत शलाकेने दोष डोळ्यात पसरतो, जाड टोकाने जखम मोठी होते, अति तीक्ष्ण टोक अनेक प्रकारे इजा करते, ओबडधोबड शलाकेने पाणी वाहते, आणि हाती स्थिर न राहणाऱ्या शलाकेने क्रियाच अडते. यासाठी शलाका आठ अंगुळे लांब, मध्ये सुताने गुंडाळलेली, अंगठ्याच्या पेराइतकी जाड, दोन्ही टोकांना कळीच्या आकाराची, आणि तांबे, लोखंड वा सोने यांची असावी, असा दंडक घालून दिला आहे.

या यादीचे ऐतिहासिक महत्त्व असे की, शस्त्रक्रियेनंतर उद्भवणाऱ्या पीडेचे कारण येथे रोग्याच्या प्रारब्धात किंवा पथ्याच्या उल्लंघनातच शोधलेले नाही. पथ्याचा विचार आहेच. शिंक, खोकला, ढेकर टाळण्यास सांगितले आहे. तथापि उपद्रवाचे एक कारण वैद्याच्या हातातील धातूत असू शकते, हे ग्रंथकाराने स्पष्टपणे मान्य केले आहे. ही संहिता डल्हणाच्या टीकेसह मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली आणि यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी तिचे संपादन केले. त्यामुळे महाराष्ट्रातील वैद्यांच्या हाती हा मजकूर छापील रूपाने आला. परंतु त्यातील उपकरणविचाराकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेले असे दिसत नाही.

२

ग्रंथातील दंडक एक आणि प्रत्यक्ष व्यवहार दुसरा, हे कौचिंगच्या उत्तरकालीन इतिहासावरून कळून येते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत भारतभर फिरते वैद्य ही क्रिया गावोगाव करीत. त्यांच्याजवळ सामान्यतः एक लहान नस्तर आणि एक तांब्याची सळई असे. सळईच्या टोकापासून काही अंतरावर सूत किंवा कापूस गुंडाळलेला असे, हेतू हा की टोक मर्यादेपलीकडे आत जाऊ नये. संहितेतील ‘सुताने गुंडाळलेली शलाका’ अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. मात्र तिच्याबरोबर धार, पृष्ठभाग आणि स्वच्छता यांचे दंडक टिकले नाहीत. एकच सळई अनेक डोळ्यांत जाई आणि ते सूतही बदलले जाईलच याची शाश्वती नसे.

तांबे या धातूविषयी येथे थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. शुद्ध तांब्याचा तुकडा डोळ्याच्या आत राहिल्यास तीव्र दाह होतो, तर तांब्याचे प्रमाण कमी असलेल्या मिश्रधातूचा कण हळूहळू विरघळून स्वच्छमंडलाच्या कडेस व नेत्रभिंगावर रंगीत थर साचवितो. लोखंडाचा कण राहिल्यास त्याचा गंज सावकाश पसरून जालपटलाची शक्ती हरपते. सोने मात्र जवळजवळ निष्क्रिय असते. संहितेने मान्य केलेल्या तीन धातूंपैकी नेत्राच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक धातू सर्वांत महाग होता. फिरत्या वैद्याच्या झोळीत तांबेच असावयाचे, हे उघड आहे.

या परंपरेच्या बरोबरीने नोंद ठेवण्याची एक निराळी परंपराही मराठी राजकुलात निर्माण झाली होती. तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२), यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत असत. रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र आणि त्याच्या व्याधीची हकीकत अशा नोंदी त्या काळात तयार झाल्या व त्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या. शस्त्र डोळ्यात गेल्यानंतर त्या डोळ्याचे पुढे काय झाले, हे फिरता वैद्य कधीच पाहत नसे, कारण पट्टी सुटण्यापूर्वी तो पुढच्या गावी गेलेला असे. तंजावरच्या नोंदींचे मोल याच तुलनेने ध्यानात येते.

फिरत्या वैद्यांच्या क्रियेचा पद्धतशीर पंचनामा पुढे मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे अधीक्षक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी केला. कौचिंग झालेले शेकडो डोळे त्यांनी तपासले आणि १९१७ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. डोळ्याच्या आतील दाह आणि काचबिंदू ही अपयशाची प्रमुख कारणे त्यांना आढळली. त्यांतील किती दाह जंतूंमुळे, किती खाली पडलेल्या नेत्रभिंगामुळे आणि किती सळईच्या अवशेषांमुळे झाला, हे वेगळे करणे आज शक्य नाही. परंतु अशुद्ध सळई हे या तिन्ही कारणांपैकी निदान दोहोंचे वाहन होते, यात शंका नाही.

३

युरोपात झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्याने १७४७ साली मोतीबिंदू खाली न ढकलता तो छेद घेऊन बाहेर काढण्याची रीत अवलंबिली आणि १७५३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या पद्धतीत सळईची जागा पाते, कात्री, चमचा अशा अनेक उपकरणांनी घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांचे अरुंद पाते सर्वत्र रूढ झाले. उपकरणांची संख्या वाढली तसतशी अवशेषांची शक्यताही वाढली. पाते वारंवार परजावे लागे. परजताना निघालेला धातूचा चुरा व तेल पुसून काढणे हा साहाय्यकाच्या दक्षतेचा भाग बनला. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा उपयोग डोळा बधिर करण्यासाठी केला, तोवर रोग्याच्या हालचालीमुळे पाते डोळ्यात अडखळण्याचे भयही असे.

महाराष्ट्रात या नव्या शस्त्रक्रियेचे प्रमुख केंद्र म्हणजे मुंबईचे सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय. ते १८६६ साली जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. त्याच सुमारास लिस्टर यांच्या जंतुनाशक उपचारपद्धतीचा उदय होत होता. परंतु कार्बोलिक अॅसिडासारखी द्रव्ये, जी हाताच्या वा पायाच्या जखमेस चालत, ती डोळ्याच्या आतील पेशींस सोसत नसत. जंतू मारणारे द्रव्य स्वतःच अवशेष म्हणून डोळ्यास अपाय करू शकते, ही अडचण नेत्रवैद्यांपुढे तेव्हापासून उभी राहिली आणि ती पुढे अधिकच गुंतागुंतीची झाली.

अवशेषांच्या प्रश्नाला एक अप्रत्यक्ष उत्तर पंजाबात मिळाले. जालंदरचे हेन्री स्मिथ हे छेद घेतल्यानंतर बाहेरून दाब देऊन संपूर्ण नेत्रभिंग त्याच्या वेष्टनासह बाहेर काढीत. या रीतीत छेदानंतर उपकरण डोळ्याच्या आत फारसे जात नसे, त्यामुळे मागे राहण्यासारखे थोडेच उरे. तिचे मूल्य मात्र दुसऱ्या रूपाने द्यावे लागे, कारण दाब अधिक झाल्यास डोळ्यातील काचाभ द्रव्य बाहेर येई. त्यामुळे ही रीत सर्वमान्य झाली नाही.

४

सिंधमधील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास महाराष्ट्राशी १९४७ नंतर जोडला गेला. क्वेट्ट्याच्या मिशन रुग्णालयातील डॉक्टर हेन्री हॉलंड हे १९०० साली भारतात आले. क्वेट्ट्याची थंडी कडक असल्याने हिवाळ्यात ते सिंधमधील शिकारपूर येथे उतरत आणि तेथे नेत्ररोग्यांसाठी काही आठवड्यांचे रुग्णालय चालवीत. त्याचा खर्च शिकारपूरचे हिंदू दानशूर शेठ हिरानंद यांच्या औदार्यातून चाले. दूरदूरचे रोगी तेथे येत आणि परदेशातील तरुण शस्त्रवैद्य अनुभव मिळविण्यासाठी येत. हॉलंड व त्यांचे पुत्र रोनाल्ड यांना १९६० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ऋतूवर बेतलेले, दानावर चालणारे आणि थोड्या दिवसांत पुष्कळ डोळे उघडणारे हे रुग्णालय म्हणजे पुढे भारतभर रूढ झालेल्या नेत्रशिबिरांची पूर्वावृत्तीच होय.

फाळणीनंतर सिंधमधील हिंदू निर्वासितांचा मोठा समूह कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आला. दोन हजारांवर बराकींच्या त्या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. लष्करी छावणीचे क्रमांक गावाच्या पत्त्यात कायम राहिले. ‘उल्हासनगर कॅम्प २’ हा आजचा टपालपत्ता त्या इतिहासाचाच अवशेष आहे. सिंधमधून आलेल्या वृद्धांना हिवाळ्यात भरणारे डोळ्यांचे रुग्णालय ही कल्पना अपरिचित नव्हती. सरकारी रुग्णालये आणि धर्मादाय शिबिरे यांच्या रूपाने तीच कल्पना त्यांना महाराष्ट्रातही भेटली.

शिबिरांनी लक्षावधी लोकांना दृष्टी दिली, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर उपकरणांच्या दृष्टीने शिबिर ही कठीण जागा होती, हेही तितकेच खरे. एकाच दिवशी अनेक शस्त्रक्रिया, उपकरणांचे थोडेच संच, दोन रोग्यांच्या मध्ये उकळण्यास वा निर्जंतुक द्रवात ठेवण्यास अपुरा वेळ, अशी तेथील स्थिती असे. महाग पात्याऐवजी दाढीच्या पात्याचा तुकडा मोडून तो चिमटीत धरून छेद घेण्याची रीत दीर्घकाळ प्रचलित होती. तो तुकडा धारदार असे व प्रत्येक रोग्यास नवा वापरता येई, हा त्याचा गुण. मोडलेल्या कडेवर सैल कण असण्याचा संभव, हा त्याचा दोष. संहितेतील ‘तुटके’ या दोषाचे स्मरण येथे सहज होते.

उपकरणासोबत जाणाऱ्या द्रवाचाही विचार याच संदर्भात करावा लागतो. १९८६ साली उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील नेत्रशिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ८८ रोग्यांपैकी ८४ जणांचा डोळा कायमचा निकामी झाला. शस्त्रक्रियेत वापरलेले क्षारजल दूषित असल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये या प्रकरणी निर्णय देऊन पीडितांना साहाय्य देवविले. शस्त्रवैद्याचा हात कुशल असूनही शस्त्राला लागलेले पाणी डोळा घालवू शकते, हे या घटनेने देशाला शिकविले.

५

उल्हासनगरला नाव मिळाले त्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९४९ रोजी, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात कृत्रिम नेत्रभिंग बसविण्याचा पहिला प्रयोग केला. या शोधाचे मूळ एका अवशेषातच होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची पर्स्पेक्सची छते फुटून त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले. धारदार कडेने इजा न झाल्यास हे तुकडे दीर्घकाळ दाह न होता डोळ्यात राहतात, असे रिडली यांना दिसून आले. जो अवशेष डोळा सहन करतो तो त्याचा अवयवही होऊ शकतो, या विचारातून त्यांनी त्याच द्रव्याचे भिंग घडविले.

परंतु याच भिंगाने अवशेषांचा नवा प्रकार पुढे आणला. आरंभीची भिंगे सिट्रिमाइड या जंतुनाशक द्रवात बुडवून निर्जंतुक केली जात. तो द्रव भिंगासोबत थोडा आत जाई आणि शस्त्रक्रियेनंतर तीव्र दाह होई. यास्तव निर्जंतुक करण्याच्या रीती बदलाव्या लागल्या. पुढे भिंगांना झिलई देण्याच्या द्रव्याचे सूक्ष्म अंश राहिल्यामुळेही जंतूंवाचून दाह झाल्याची उदाहरणे १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. दोष आता शस्त्रवैद्याच्या मेजावरून कारखान्याच्या मेजावर सरकला होता.

६

चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये प्रचारात आणलेल्या फेकोइमल्सिफिकेशन पद्धतीने उपकरणाचे स्वरूपच पालटले. दंतवैद्याकडील ध्वनिकंपनाच्या उपकरणावरून त्यांना ही कल्पना सुचली. तीत टिटॅनियमची पोकळ सुई सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा कंप पावते, कठीण नेत्रभिंगाचा भुगा करते आणि तो शोषून घेते. तीन मिलिमीटरहूनही लहान छेदातून हे कार्य होते. भारतात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून ही पद्धत पसरत गेली आणि आज उल्हासनगरसारख्या शहरांतील रोग्यालाही तिचे नाव परिचित आहे.

कंप पावणाऱ्या सुईला दुसऱ्या हातातील पोलादी उपकरणाचा स्पर्श झाला, तर धातूचे अतिसूक्ष्म कण झडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा सुयांच्या टोकांवर ओरखडे आणि सैल कण आढळले आहेत. शस्त्रक्रियेनंतर बुबुळावर चमकणारा ठिपका दिसतो तो पुष्कळदा अशा कणाचाच असतो. बहुतेक कण निरुपद्रवी राहतात. टिटॅनियम गंजत नाही आणि चुंबकाकडे खेचलेही जात नाही, म्हणून त्यांस हात न लावता निरीक्षण करणेच इष्ट ठरते. पोलादी कणाची गोष्ट वेगळी. विशेषतः त्या रोग्याची पुढे चुंबकीय अनुस्पंदन तपासणी व्हावयाची असेल, तर अशा कणाची माहिती डॉक्टरांना असणे आवश्यक होय. १८७९ मध्ये बर्लिनचे यूलिउस हिर्शबेर्ग यांनी डोळ्यातील लोखंडी कण काढण्यासाठी विद्युत्‌चुंबक वापरात आणला होता. जे बल त्या वेळी तारक ठरले तेच आज नोंदीच्या अभावी मारक ठरू शकते.

धातूपेक्षाही अधिक त्रासदायक ठरले आहेत ते नलिकांच्या आतील अवशेष. डोळ्याची पोकळी फुगवून ठेवणारे चिकट द्रव्य बारीक नळीत वाळून राहते. उपकरण धुण्याच्या साबणाचा वा विकरयुक्त द्रवाचा अंश राहतो. मृत जंतूंचे विष उष्णतेने नष्ट होत नाही. असे काही डोळ्यात गेल्यास बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या आत जंतूंवाचून तीव्र दाह होतो. १९९२ साली या विकारास स्वतंत्र नाव मिळाले आणि तेव्हापासून त्याचे कारण उपकरणांच्या धुण्यात शोधण्याची पद्धत दृढ झाली. उकळलेले उपकरण जंतुरहित असू शकते, पण ते स्वच्छ असतेच असे नाही. हा भेद समजण्यास वैद्यकाला शंभर वर्षे लागली.

येथे एका लोकसमजुतीचा निर्देश अप्रस्तुत होणार नाही. ‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ हे वाक्य महाराष्ट्रातील घराघरात आजही ऐकू येते. संपूर्ण भिंग बाहेर काढण्याच्या काळात त्याला काही आधार होता. आता परिस्थिती उलट आहे. पिकलेले भिंग कठीण होते, ते फोडण्यास सुईला अधिक वेळ व अधिक शक्ती लागते, दुसऱ्या उपकरणाचे साहाय्यही अधिक घ्यावे लागते, आणि त्या प्रमाणात धातूच्या स्पर्शाचा व पेशींच्या हानीचा संभव वाढतो. जुन्या शस्त्रासाठी बनलेली समजूत नव्या शस्त्राला बाधक ठरली आहे. अशी समजूत हीदेखील मागे राहिलेली एक वस्तूच म्हणावी लागेल.

७

या विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उपकरणाचा अवशेष हा आधुनिक यंत्राने निर्माण केलेला प्रश्न नव्हे. त्याचे रूप धातूच्या खरखरीतपणापासून द्रव्याच्या अदृश्य अंशापर्यंत बदलत आले, प्रश्न मात्र सतत टिकून राहिला. दुसरी, प्रत्येक नवी रीत जुन्या अवशेषावर उपाय करते आणि त्याच वेळी नवा अवशेष निर्माण करते. म्हणून कोणत्याही पद्धतीस केवळ ती नवी म्हणून निर्दोष मानता येत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, या अवशेषांचा भार कोणाच्या डोळ्यावर पडतो हे बव्हंशी उपकरणाच्या किमतीवर आणि ते धुण्यास मिळालेल्या वेळेवर ठरत आले आहे. सोन्याची शलाका ज्यांस परवडली नाही त्यांच्या डोळ्यात तांबे गेले. नवी नळी ज्यांस परवडत नाही त्यांच्या वाट्याला धुतलेली नळी येते.

उपाय अवघड नाहीत. नळीतून वापरानंतर तत्काळ पुरेसे शुद्ध पाणी सोडणे, झिजलेली सुई वेळीच टाकून देणे, शस्त्रक्रियेपूर्वी टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, आणि डोळ्यात कण राहिल्याचे दिसल्यास ते रोग्याच्या कागदावर लिहून देणे, एवढ्यानेही पुष्कळ अनर्थ टळतो. यांतील पहिल्या तीन गोष्टींचा आशय संहितेतील शस्त्रदोषांच्या यादीत आणि चौथीचा आशय तंजावरच्या नोंदींत आधीच आढळतो. शस्त्रक्रियेच्या यशाची गणना दृष्टी आलेल्या डोळ्यांवरून होते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या डोळ्यात शस्त्राने काय ठेवले याचीही गणना झाली, तरच हा इतिहास पूर्णत्वास जाईल.